मागे राहिलेल्यांची नावं

टॉलिव्हर विद्यापीठ, अलाबामा
२७ ऑगस्ट २०२३

प्रिय व्हर्नेल आत्या,

पोचले, जेवले, रडले नाही. तू विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

फोनवर माणूस सहज थाप मारतं आणि लिहिताना हात अडखळतो, म्हणून पत्रच लिही, असं तू बजावलंस. माझी खोलीतली मैत्रीण रोशेल डेट्रॉइटची. तिने मला पाकिटावर तिकीट चिकटवताना पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या गावात वीज आली आहे ना गं?" मी म्हटलं, "आली आहे. पण आमची आत्या त्याआधीची आहे."

आत्या, इथे सगळं बघून माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलंय. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई आपल्यासारख्या काळ्या, गणिताचे सर काळे, कुलगुरू काळ्या, भिंतीवरच्या दीडशे वर्षांच्या तसबिरींतले सगळे काळे. आपल्या जिल्ह्यात मी उभ्या जन्मात एक काळा डॉक्टर पाहिला होता, तोही वाट चुकून आलेला. इथे रस्त्यात कुणीही भेटलं की "गुड मॉर्निंग" म्हणतं, आणि उत्तर दिलं नाही तर थांबून पुन्हा म्हणतं. संध्याकाळी बँडचा सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि माझ्या छातीतही काहीतरी थरथरतं. आनंद म्हणावा तर भीतीही वाटते. एवढं सगळं आपलं असू शकतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

एक मात्र मनाला लागलं. ते जुनं लोखंडी फाटक. पहिल्या दिवशी घरच्यांचा हात धरून त्यातून आत यायचं आणि पदवीच्या दिवशी त्यातूनच बाहेर पडायचं. मधल्या चार वर्षांत त्यातून कुणी बाहेर गेलं, तर त्याला पदवी मिळत नाही म्हणतात. सगळ्यांच्या आया, आज्या, मामा मुलांचे हात धरून आत आले. आणि तू? डोक्यावर रविवारची हॅट, हातात पाउंड केकचा डबा, आणि चाललीस मागच्या रस्त्याने, स्वयंपाकघराच्या बाजूने, कचऱ्याच्या डब्यांपाशून! तू आजोबांची बहीण असूनही आईच्या मायेने मला वाढवलंस. तुझा हात धरायचा होता मला. "माझे गुडघे, बाई," म्हणालीस. आत्या, त्या फाटकाला एकही पायरी नाही.

चर्चने निरोपाच्या रविवारी दिलेलं नर्सचं घड्याळ, ते छातीवर उलटं लावायचं, टेबलावर ठेवलंय. रोज त्याच्याकडे बघते.

तुझी,
केझाया

*

शायलो क्रॉसिंग
९ सप्टेंबर २०२३

केझाया बाई,

पत्र मिळालं. चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. विजेचा भाग गाळला.

तुझ्या बाईंना नाव आहे की नाही? "रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई" हे काय? डॉक्टर अमुक म्हणायचं, आणि आडनावासकट. माझ्या आईला शेवटपर्यंत कापूसगिरणीतली गोरी पोरंसुद्धा नुसतं "लूला" म्हणून हाक मारायची. तिच्या नावामागे "मिसेस" पहिल्यांदा लागलं ते तिच्या मयताच्या दिवशी चर्चमध्ये वाटलेल्या पत्रिकेवर. म्हणून सांगते, माणसाला त्याचं पुरतं नाव द्यावं.

पत्रिकांचं म्हणशील तर तू गेल्यापासून त्यांची दशा झाली आहे. पास्टरांचा भाचा कॉम्प्युटरवर करतो. मिसेस टॅल्बर्टच्या पत्रिकेत ढग काय, कबुतरं काय, सोनेरी जिने काय! आणि बिचारीच्या हयातीबद्दल चार ओळी. मागे राहिलेल्यांच्या यादीत दोन नातवंडं गाळली. मी त्याला म्हटलं, "बाळा, कबुतरं उडून जातील, नातवंडं इथेच राहणार आहेत. त्यांना लिही आधी." तो म्हणाला, जागा नव्हती.

असो. तू त्यात लक्ष घालू नकोस. तू नर्स व्हायला गेली आहेस. सगळं चर्च दर रविवारी तुझं नाव घेतं, पास्टर म्हणतात, "आपली नर्स." अभ्यास कर, मोजे कोरडे ठेव.

गुडघे माझे आहेत, ते कधी दुखायचे ते मी ठरवीन.

आत्या

*

टॉलिव्हर
१५ ऑक्टोबर २०२३

प्रिय आत्या,

अभ्यास छान चाललाय. रसायनशास्त्रही छान आहे. डॉक्टर मोझेल क्रेनशॉ फार चांगलं शिकवतात.

शुक्रवारी इथे जेवणात तळलेला मासा असतो. दुपारी साडेअकरालाच रांग लागते. वर्ग बुडवणारी मुलंसुद्धा रांगेत हजर. प्राध्यापक तिथेच उभ्या उभ्या त्यांना पकडतात. मासा तुझ्याइतका कुरकुरीत नाही, पण पीठ मक्याचंच. बरोबर पांढरा पाव, मोहरी आणि तिखट सॉस. रोशेल त्यावर केचप घालते. आमच्या सगळ्या मजल्याने तिच्याशी दोन दिवस अबोला धरला.

माजी विद्यार्थ्यांचा सोहळा झाला त्या शनिवारी ऐंशी वर्षांच्या बाया बँडबरोबर हिरवळीवर नाचल्या. एका बाईंनी काठी बाजूला टाकली आणि नाचल्या! मी बघतच राहिले. तू का नाही आलीस इथे शिकायला, असं सारखं मनात येत होतं. तुला तर सगळं येतं.

इथे करिअरचं एक कार्यालय आहे. मिस्टर प्रूइट म्हणून आहेत, ते मुलाखतीचा सराव करून घेतात. ज्यांच्याकडे कोट नाही त्यांना कपाटातून उसना देतात. मलाही जानेवारीनंतर जायचं आहे.

आत्या, समज, सहज विचारते, एखादीला वाटलं की आपण नर्स व्हायला नको, तर चर्चवाले तिला दिलेलं घड्याळ परत घेतात का? रोशेल विचारत होती.

तुझी,
केझाया

*

शायलो क्रॉसिंग
२८ ऑक्टोबर २०२३

केझाया,

माशावर एक पान आणि रसायनशास्त्रावर एक ओळ. मी म्हातारी झाले आहे, आंधळी नाही.

डेट्रॉइटच्या मुलीला आपल्या चर्चच्या घड्याळाची काळजी कशी लागली, तेही मला कळत नाही.

तुला कधी नीट सांगितलं नाही, आता सांगते. माझी आई नोव्हेंबर १९६५ मध्ये गेली. तीन दिवस ताप होता. चाळीस मैलांवरच्या इस्पितळात आपल्या लोकांसाठी तळघरात चार खाटा होत्या, त्या भरलेल्या. घरात सहा मुलं, तुझे आजोबा नऊ वर्षांचे, आणि नाडी कशी बघायची हे एकालाही ठाऊक नाही. मी हात धरून बसले होते, पण हातात काय चाललंय ते कळत नव्हतं. तेव्हापासून मनात आहे, या घरात एक तरी असं माणूस हवं, ज्याला ते कळेल.

म्हणून तू. आता रसायनशास्त्राचं खरं सांग.

आत्या

*

टॉलिव्हर
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय आत्या,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. नाताळात घरी आले तेव्हा तू पास्टरांसमोर माझ्या छातीवर ते घड्याळ लावलंस, आणि मी हसत उभी राहिले. तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

मी रसायनशास्त्रात नापास झाले. पहिल्या सहामाहीत. आता तोच विषय पुन्हा घेतलाय आणि पुन्हा बुडते आहे. शरीररचनेच्या वर्गात खरा सांगाडा आहे. सर हाडांची नावं विचारतात, आणि माझ्या डोक्यात एकच येतं, या माणसाचं नाव काय होतं? याच्या मागे कोण कोण राहिलं? सर म्हणाले, "मिस फिंडली, कुठे हरवलात?" सगळे हसले.

विभागाने सांगितलंय, १५ मार्चच्या आत नर्सिंग सोडून दुसरा विषय भरा, नाहीतर सहामाही संपल्यावर जागा जाईल. मग मला घरी यावं लागेल. हे एवढं खरं. आता पुढचं ऐक, कारण ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही.

मंगळवारी मिस्टर प्रूइटकडे मुलाखतीचा सराव होता. उसन्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. त्यांनी विचारलं, "आजवर काय काम केलं आहेस?"

"काही नाही, सर."

"सुट्टीत?"

"काही नाही. चर्चचं थोडं."

"चर्चचं काय?"

"मयताच्या पत्रिका लिहायचे. माणसाचा फोटो, त्याची हकीकत, गाण्यांचा क्रम, मागे राहिलेल्यांची नावं. तेराव्या वर्षापासून. आत्याने शिकवलं."

"किती लिहिल्यास?"

"एकसष्ट. साथीच्या वर्षातच एकोणीस झाल्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "एकसष्ट घरांत जाऊन, रडणाऱ्या माणसांना विचारून विचारून एकेका माणसाचं आयुष्य कागदावर आणलंस, आणि मला सांगतेस काही नाही? बाई, माझी कॉलर धरून हे सांगायला हवं होतंस!" मग उठले. "कोट काढू नकोस, शोभतोय. चल."

मला वाटलं, विभागप्रमुखांकडे नेतात. त्यांनी नेलं ग्रंथालयाच्या तळघरात. तिथे जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या मिस डेल्फीन असतात. मिस्टर प्रूइटनी माझं गाव सांगितलं, तशी त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "शायलो क्रॉसिंग?" आणि आतून राखाडी खोकी आणली. एक, दोन, तीन... सात खोकी. प्रत्येकावर आपल्या गावाचं नाव.

आत्या, आत सगळ्या पत्रिका होत्या. आपल्या. वरच्या माझ्या एकसष्ट. त्यांच्याखाली तुझ्या, छापलेल्या, मग टाइप केलेल्या, मग त्या जुन्या जांभळ्या शाईच्या, ज्यांचा वास अजून येतो. तुझं टपालाचं पाकीट प्रत्येकीला जोडलेलं. अठ्ठावन्न वर्षं! एकही मयत चुकलेलं नाही. आपल्या गावात जो जो मेला तो तिथे आहे, पुरत्या नावानिशी. कोटासकट खाली बसले.

शेजारच्या टेबलावर क्लीव्हलंडहून आलेल्या एक बाई होत्या, साठीच्या असतील, आपल्या घराण्याचा शोध घेणाऱ्या. त्यांच्यासमोर तुझी १९७१ ची पत्रिका होती, मिसेस हेस्टर बोलिंगची. मिस डेल्फीन मला हळू आवाजात म्हणाल्या, "या बाईंच्या पणजीचं, म्हणजे मिसेस बोलिंगच्या आईचं, नाव जगात फक्त या एका कागदावर आहे. जन्माची नोंद नाही, लग्नाची नाही. दुसरं काही नाही." त्या बाई बोट ठेवून ते नाव वाचत होत्या. पुन्हा पुन्हा. मग त्यांनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

मी म्हटलं, "माझ्या आत्याने."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात.

आणखी एक. आपल्या चर्चच्या डीकन एझेल स्टॉलवर्थची पत्रिका माझीच होती, मी सोळा वर्षांची असतानाची. आठवतं ना, त्यांचा बाहेरचा मुलगा लेम्युएल, मोबिलला राहतो तो? मिसेस स्टॉलवर्थ म्हणाल्या होत्या, "त्याचं नाव या कागदावर आलं तर मी कागद फाडीन." मी घाबरले आणि गाळलं. तू वाचलीस आणि एक अक्षर बोलली नाहीस. मला वाटलं, सुटले.

इथल्या प्रतीत, "मागे पत्नी, तीन मुली" च्या पुढे, तुझ्या ठेवणीतल्या पेनाने निळ्या शाईत लिहिलंय: "आणि मुलगा, मिस्टर लेम्युएल स्टॉलवर्थ."

मी तळघरात बसून रडले, आत्या. तू बोलली नाहीस, पण सोडूनही दिलं नाहीस.

सगळ्यात शेवटच्या खोक्यात तळाशी पहिली पत्रिका आहे. नोव्हेंबर १९६५, मिसेस लूला फिंडली. तिला टाचणीने चिठ्ठी लावली आहे: "मिस ओपल, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाठवते. व्हर्नेल फिंडली, पहिलं वर्ष." मिस डेल्फीननी जुनं प्रवेशपुस्तक काढलं. त्यात तुझं नाव आहे. सप्टेंबर १९६५.

तू इथे होतीस. एकदाही सांगितलं नाहीस. का?

मला इतिहास घ्यायचा आहे. ही खोकी कशी जपायची ते शिकायचं आहे. मिस्टर प्रूइटनी उन्हाळ्यासाठी राज्याच्या दप्तरखान्यातल्या जागेचा अर्ज काढून ठेवलाय. पण तू हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही. तू धरलेला तुझ्या आईचा हात मी विसरलेले नाही.

तुझी,
केझाया

*

टॉलिव्हर
१७ मार्च २०२४

प्रिय आत्या,

पाच आठवडे झाले. पास्टरांना फोन केला, ते म्हणाले, "बरी आहे, कुणाशी बोलत नाही, खुरपं घेऊन बागेत असते." म्हणजे रागावली आहेस.

१५ तारीख गेली. मिस्टर प्रूइटनी विभागाच्या पाया पडून १ एप्रिलपर्यंत मुदत मिळवली. सही अजून केलेली नाही. तू नको म्हणालीस तर घरी येईन, आणि घड्याळ पास्टरांना मी स्वतः सगळ्यांसमोर परत देईन. तुला मान खाली घालायला लावणार नाही.

मिस डेल्फीननी कुलगुरूंना ती खोकी दाखवली. कुलगुरू डॉक्टर अल्थिया रँडॉल्फ जमिनीवर मांडी घालून तासभर वाचत बसल्या, रेशमी सूटमध्ये! त्यांचं म्हणणं, मे महिन्यात पदवीच्या दिवशी तुला बोलवावं, आणि पदवीधरांच्या पुढे तू त्या फाटकातून बाहेर पडावंस. मला आता कळलं तू पहिल्या दिवशी का टाळलंस. तुला वाटलं असणार, शिक्षण सोडलं, आता आपल्याला त्या फाटकाचा हक्क नाही. आहे, आत्या. सगळ्यांत जास्त तुलाच आहे.

एक ओळ तरी लिही.

तुझी,
केझाया

*

शायलो क्रॉसिंग
२४ मार्च २०२४

केझाया,

होय, रागावले होते. आधी तुझ्यावर, थाप मारलीस म्हणून. दोन आठवडे गेले त्यात. मग तीच पत्रं काढून पुन्हा वाचली, माझीही प्रत ठेवते मी, आणि पाहिलं तर तुझ्यापेक्षा मोठी थाप माझीच. "हात धरून बसले होते" लिहिलं होतं. धरायला मी तिथे नव्हते. तीन दिवस तापात होती, आणि मी टॉलिव्हरला होते. तार मिळाली, बसने आले, तोवर तिला पांढरं नेसवून झालं होतं. अठ्ठावन्न वर्षं मी माझ्याच गोष्टीत माझी जागा बदलून सांगत होते. हाही एक गाळलेला माणूसच की. म्हणून आधी निळं पेन शोधलं आणि मग हे पत्र लिहायला बसले.

ऐक आता. मला टॉलिव्हरला अकरा आठवडे मिळाले. मिस ओपल ग्रंथालय बघायच्या. आई गेली, घरी पाच पाठची, तुझे आजोबा नऊ वर्षांचे, मग कोण राहणार? सामान बांधायला परत गेले तेव्हा आईची पत्रिका बरोबर नेली होती. मी स्वतः लिहिलेली, चर्चच्या जांभळ्या शाईच्या यंत्रावर काढलेली. मिस ओपलनी ती उभ्याने वाचली. मग मला कपाटांच्या रांगा दाखवल्या. म्हणाल्या, "इतकी पुस्तकं आहेत, मिस फिंडली, आणि तुमच्या आईसारख्यांची नावं यांत कुठेच नाहीत. तुम्ही पाठवत जा. मी जागा ठेवते." अठरा वर्षांच्या मला त्यांनी "मिस फिंडली" म्हटलं. त्यानंतर मी काय करणार होते, सांग बरं? घरी पोचताच पहिली आईचीच पाठवली. मिस ओपल गेल्या, त्यांची पत्रिकाही पाठवली. पुढे कुणी उघडतं की नाही, ठाऊक नव्हतं. कुणी पावतीही दिली नाही. तू लिहिलेली सात खोकी वाचली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. सात खोकी. आणि क्लीव्हलंडच्या त्या बाई. त्यांची ती पणजी म्हणजे हेस्टर बोलिंगची आई, तिचं नाव मिळवायला मी तीन घरं पालथी घातली होती, तेव्हा सगळे म्हणाले होते, कशाला हवं? मला तो दिवस आठवला आणि बागेत जाऊन खूप रडले. खुरपं हातात होतं, म्हणून पास्टरांना वाटलं बागकाम चाललंय.

लेम्युएलबद्दल. सोळा वर्षांच्या पोरीने मयताच्या घरात त्या बाईशी भांडावं असं मला वाटत नव्हतं. ते काम मोठ्या माणसाचं. पण यापुढे तुझं आहे.

आईच्या नाडीचं मी अजून विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण परवा तुझ्या एकसष्ट पत्रिका काढल्या आणि सगळ्या वाचल्या. पोरी, तू नाडी बघतेसच. मला ते दिसायला इतका वेळ लागला, हा माझा दोष. सही कर. आजच कर. मिस्टर प्रूइटना माझा नमस्कार सांग, आणि पुढच्या खेपेला तुला मापाचा कोट द्यायला सांग.

पास्टरांना मीच सांगितलं, भर प्रार्थनेत उभी राहून. मग मिसेस स्टॉलवर्थ, हो, त्याच, म्हणाल्या, "मग आमच्या पत्रिका कोण नीट करणार ते तरी कळलं." घड्याळ परत करू नकोस. ज्याला माणसांच्या आयुष्याचा हिशोब लिहायचा आहे त्याला वेळ बघावाच लागतो.

आता फाटकाचं. डॉक्टर रँडॉल्फना सांग, माझा मोठा मान केलात, पण मी येणार नाही. आणि तूही ते चुकीचं समजलीस. हक्क नाही म्हणून मी फाटक टाळलं नव्हतं. सप्टेंबर १९६५ मध्ये माझी आई, मिसेस लूला फिंडली, मला हात धरून त्या फाटकातून आत घेऊन आली. नोव्हेंबरात निघाले तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या रस्त्याने गेले, पेटी घेऊन, त्याच डब्यांपाशून. फाटकातून बाहेर पडले असते तर संपलं असतं. मी बाहेर पडलेच नाही, केझाया. दर पत्रिका पाठवताना मला वाटायचं, गृहपाठ पाठवते आहे. आणि जो आत आहे तो तुझा हात धरून पुन्हा आत कसा येणार?

चार वर्षं पुरी करून तू बाहेर पडशील, तेव्हा मी आतल्या बाजूला उभी राहून बघीन. हॅट घालून.

तुझी,
व्हर्नेल फिंडली, पहिलं वर्ष